पाठ केलेलं थांबणं

हेंद्रेपाड्यात कुणालाही विचारा, सुनंदा टीचरचा क्लास कुठे म्हणून, माझ्या दारापर्यंत आणून सोडतील. बावीस वर्षं मी घरात शिकवणी घेतेय, पाचवी ते दहावी, गणित आणि मराठी. तोंडाची फटकळ आहे, ते मला कुणी सांगायला नको. पण माझ्याकडे आलेलं पोर नापास होत नाही, हे माझ्या मागे बोलणाऱ्या बायकासुद्धा कबूल करतात. कसं होत नाही ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायचंच आहे तर नीट सांगते.

मी पोरांना विषय शिकवत नाही, पेपर शिकवते. मागच्या दहा वर्षांचे पेपर माझ्याकडे फायलीत लावलेले आहेत. कुठला प्रश्न किती वर्षांनी फिरून येतो, ते मला कॅलेंडरसारखं ठाऊक. भागाकार डोक्यात शिरत नसेल तर नसू दे, पायऱ्या पाठ पाहिजेत. पाठ म्हणजे पाठ, झोपेतून उठवलं तरी म्हणता आल्या पाहिजेत. आईबाप निकाल बघतात. भागाकार कुणी उघडून बघत नाही.

आमचे हे, म्हणजे मधू, अंबरनाथच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. शेडच्या छताखाली रुळांवरून फिरते ती. लोखंडी शिडीने वर चढायचं, केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या जाडजूड प्लेटा हूकला लावून इकडच्या तिकडे ठेवायच्या. वरून सगळं नीट दिसत नाही, म्हणून खाली एक माणूस उभा राहून हाताने खुणा करतो. त्याला खलाशी म्हणतात. यांचा खलाशी महेंद्र, चामटोलीचा. सतरा वर्षं वर हे आणि खाली तो. महेंद्र यांना दादा म्हणायचा, मला वहिनी. त्याच्या शेतातली वालाची पापडी दर वर्षी आमच्याकडे पोचायची, मी कधी मागितली नाही.

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते, घरच्यांना बोलावतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी गेले तेव्हा हे वर केबिनमध्ये होते. झेंडूची माळ लावलेलं ते एवढं मोठं धूड यांच्या दोन बोटांवर सरकत होतं आणि खाली शंभर माणसं माना वर करून उभी होती. घरी पायजम्याची नाडी शोधत फिरणारा माणूस तो हाच का, असं मला वाटलं. त्या दिवशी मला नवरा आवडला, खरं सांगते. तोवर नुसता केलेला होता.

गेल्या दिवाळीच्या आधी हे बदलापूर गावातून, दिरांच्या घरून, स्कूटरवर येत होते. खड्डा चुकवायला गेले आणि पडले. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. किती वेळा बोंबलले असेन मी त्यावरून. डोक्याला मार लागला. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात चार दिवस काढले. मेंदूत थोडं रक्त साकळलंय, आपोआप सुकेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते सुकलंही. चालणं चांगलं, बोलणं चांगलं. भेटायला आलेला प्रत्येक जण देवाची कृपा म्हणून चहा पिऊन गेला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी यांनी मला पेल्यात पाणी ओतून दिलं. पेला भरत आला तेव्हा मी बास म्हटलं. हे ओततच राहिले. पाणी ओट्यावरून माझ्या पायावर आलं तेव्हा कुठे थांबले.

"लक्ष कुठंय तुमचं?" मी खेकसले.

"ऐकू आलं गं," हे म्हणाले. "बास म्हणालीस ते ऐकलं मी. हातच थांबला नाही."

कारखान्याच्या डॉक्टरने सांगून टाकलं, लक्षाची आणि हाताच्या ताब्याची चाचणी पास झाल्याशिवाय केबिन नाही. तोवर स्टोअरमध्ये बसा, हलकं काम करा. चाचणी घ्यायला उल्हासनगरच्याच हॉस्पिटलात एक मुलगी बसायची. जिज्ञासा तिचं नाव. मानसतज्ज्ञ, वय असेल अठ्ठावीस. अगदी हळू बोलायची. मला हळू बोलणारी माणसं आवडत नाहीत, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही त्यांचा.

डिसेंबरात पहिली चाचणी झाली. मी मागे खुर्ची टाकून बसले होते. एका कागदावर नुसती अक्षरं, त्यातला प्रत्येक 'म' शोधून गोल करायचा. दुसऱ्यावर रंगांची नावं, पण 'लाल' हिरव्या शाईत आणि 'निळा' पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. तिसऱ्यावर गोल जोडायचे, एक मग क, दोन मग ख. आणि शेवटी टकटक. तिने पेन्सिलीने टेबलावर एकदा वाजवलं की यांनी बोट आपटायचं, दोनदा वाजवलं की हात जागच्या जागी ठेवायचा. एवढंच. बालवाडीतलं पोर करेल.

यांनी दोनदालाही बोट आपटलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. आपटलं की स्वतःच 'च्च' करायचे. चुकतंय ते कळत होतं, पण बोट आधी पोचत होतं. कानशिलावरून घामाचा ओघळ आला. मला मागे बसवेना.

"काका, तुमचं लक्ष लागतंय," जिज्ञासा म्हणाली. "फक्त सुरू झालेली क्रिया थांबवायला उशीर होतोय. क्रेनवर नेमकं तेच लागतं ना?" मग माझ्याकडे वळली. "काकू, याची सवय घरी करून घेता येते. काका काहीही करत असतील, कणीक मळत असतील, कपडे वाळत घालत असतील, तुम्ही मधेच 'थांबा' म्हणायचं. काकांनी हात आहे तिथे थांबवायचा, पुढे काय करणार ते तोंडाने बोलायचं आणि मग करायचं. रोज, वेगवेगळ्या वेळी, आधी न सांगता. सहा महिने तरी धरून चाला."

"आणि हे कागद? यांच्या कॉप्या मिळतील?" मी विचारलं.

"नाही काकू. कागदाचा सराव केला तर कागद सुधारतो, माणूस आहे तिथेच राहतो. हे घरी करायचंच नाही."

येताना रिक्षात हे म्हणाले, "स्टोअरला बसतो ना मी. दोन वर्षं तर राहिलीत रिटायर व्हायला."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. "नटबोल्ट मोजत बसणार? ज्याच्याकडे माना वर करून बघायचे तो माणूस खिडकीत बसून हातमोजे वाटणार? लाज नाही वाटत बोलायला?"

"लाज कसली त्यात?"

"गप्प बसा. मी बघते काय करायचं ते."

ते गप्प बसले. आमच्या घरात माझा आवाज चढला की हे गप्प बसतात, पस्तीस वर्षांची सवय. त्या दिवशी तरी त्यांनी उलटून बोलायला हवं होतं. की मीच ऐकायला हवं होतं, देव जाणे.

त्या पोरीने सांगितलेलं मी चार दिवस केलं. हे भाजी चिरतायत, मी ओरडले थांबा. कधी थांबले, कधी नाही. थांबले की "आता देठ काढणार" असं बोलायचं आणि काढायचा. मी क्लास घेता घेता आत यांना ओरडून थांबा म्हणायची तर पोरं खिदळायची, त्यांना वाटायचं टीचर काकांना दरडावतायत. बरं, एवढं करून हातात काय? आज दहातले किती आले, उद्या किती येणार, काही पत्ता नाही. निकाल न दिसणारा अभ्यास मला जमत नाही. पाचव्या दिवशी मी ते बंद केलं आणि दोनशे पानी वही काढली.

एक गोष्ट त्या मुलीला माहीत नव्हती. मी बावीस वर्षं पोरांच्या समोर बसून त्यांच्या वह्या उलट्या वाचलेल्या आहेत. कुठल्याही शिकवणीवाल्या बाईला उलटं अक्षर सुलट्याइतकं सोपं जातं. जिज्ञासाच्या टेबलावर टकटकीची यादी छापलेली होती, कधी एक आणि कधी दोन, त्याच्या दोन ओळी. चाचणी संपल्यावर समजावून सांगताना तिने ती झाकली नव्हती. पहिल्या खेपेला मी पहिली ओळ उचलली, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या खेपेला, हे पुन्हा नापास झाले तेव्हा, दुसरी. दोन्ही वेळा यादी तीच होती. रिक्षात बसल्या बसल्या लिहून काढली. अक्षरांचा कागद, रंगांचा कागद, गोलांचा कागद, सगळे मी हाताने तयार केले. उल्हासनगरच्या बाजारातून बारा रंगांचे स्केचपेन आणले. झेरॉक्सवाला सिंधी काका म्हणाला, "मॅडम, ये कौन सी एक्झाम है?" मी म्हटलं, डिपार्टमेंटल.

रोज संध्याकाळी क्लास सुटला की मी यांना पोरांच्या चटईवर बसवायची. 'म' कुठल्या ओळीत कितवा, पाठ. रंग ओळीने, हिरवा पिवळा लाल निळा, पाठ. कागदाकडे न बघता म्हणायला लावायची. आणि टकटकीचा मी पाढाच केला. एक, एक, दोन, एक, दोन, दोन, एक. बे एके बेच्या चालीवर. हे डोळे मिटून म्हणायचे आणि चटईवर बोट आपटायचे. आधी चुकायचे. चुकले की मी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. मार्च संपेस्तोवर एकही चूक होईना.

एकदा म्हणता म्हणता हे थांबले. म्हणाले, "सुनंदा, पण महेंद्र काही या चालीवर खुणा नाही करत."

"आधी पास व्हा," मी म्हटलं. "बाकीचं वर चढलात की हाताला आपोआप आठवेल. सतरा वर्षं काय विसरतो का कुणी?"

मला ते खरंच वाटत होतं, देवाशपथ. एकदा वर बसले की सगळं जाग्यावर येईल.

एप्रिलमध्ये तिसरी चाचणी. जिज्ञासाने सगळे कागद घेतले. यांनी झरझर केले. टकटकीला बोट एकदाही चुकलं नाही. मागे बसून मी मनात पाढा म्हणत होते आणि हे माझ्याबरोबर चालले होते, सूर चुकू न देता. हे थांबत नव्हते. म्हणत होते. ते मला कळत होतं आणि तरी माझी छाती भरून आली होती.

जिज्ञासा कागद बघत बराच वेळ बसली. "इतका फरक पडायला वेळ लागतो खरं तर," ती म्हणाली. "काकू, घरी ते थांबा-थांबा रोज केलंत ना?"

"रोज केलं," मी म्हटलं. "एक दिवस खाडा नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं घरी असली तर माझं काम निम्मं होतं." मग सही केली. हे खाली मान घालून बोटाचं नख बघत बसले होते.

कामावर जायच्या आदल्या रविवारी मी सत्यनारायण घातला. कारखान्यातली दहा-बारा माणसं, दिरांच्या घरची, शेजारची. महेंद्र बायकोला घेऊन आला होता. काशी तिचं नाव, उंच, सावळी, मोजकं बोलणारी. दुपारी पंगत बसली. मसालेभात, जिलेबी, कढी. यजमान म्हणून हे स्वतः वाढायला उतरले, एका हातात कढीचं पातेलं आणि दुसऱ्यात ओगराळं. महेंद्रच्या पानापाशी आले. त्याने पुरे म्हणत दोन्ही तळवे पानावर धरले. यांचं ओगराळं आलं ते आलंच. गरम कढी महेंद्रच्या हातांवर सांडली.

अख्खी पंगत हसली. "मधूदादाचा आग्रह म्हणजे आग्रह," कुणीतरी म्हणालं. महेंद्रही हसला, हात झटकत म्हणाला, "दादा, घर जवळ आहे माझं, भाजलो तर चालत जाईन." पंगतीत असं होतंच. नको म्हणणाऱ्याला वाढायचं, हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं, ही आपली रीत. कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

हे मात्र हसले नव्हते. ओगराळं हातात धरून तसेच उभे राहिले होते. मी उठून पुढे गेले, त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं आणि मोठ्याने म्हटलं, "द्या इकडे, तुम्हाला काही वाढता येत नाही." त्यावर लोक आणखी हसले. मला कळलं होतं. अगदी तिथल्या तिथे कळलं होतं. पण पूजा झालेली, सही झालेली, सोमवार उद्यावर आलेला. मी स्वतःला सांगितलं की गडबडीत होतं असं, आणि जिलेबीचं ताट घेऊन पुढच्या पानाकडे गेले.

हे कामाला लागले. रोज पहाटे उठून डबा घेऊन निघायचे, पहिली पाळी असली तरी नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी. मी विचारलं, एवढ्या लवकर कशाला? म्हणाले, सवय मोडलीय ना, जरा आधी गेलेलं बरं. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं. बघा, नव्या नवरीसारखा उत्साह आहे. मी खुशीत होते. कपाटातून यांचे जुने खाकी शर्ट काढून कडक इस्त्री केली. कुणी विचारलं की, काय मिस्टर कसे आहेत, तर मी म्हणायची, वर आहेत. वर म्हणताना बोटसुद्धा वर करायची, काय सांगू.

एकोणिसाव्या दिवशी सुट्टीतली बॅच चालू असताना फोन आला. हे नव्हते, कारखान्यातून कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं यांनाच काही झालं. पलीकडचा माणूस म्हणाला, दादा ठीक आहेत, महेंद्रच्या पायावर लोड आला.

प्लेट खाली येत होती. ती टेकायच्या जागी लाकडाचे ओंडके घालतात, त्यातला एक सरकला म्हणून महेंद्र वाकला. वाकण्याआधी दोन्ही हात वर करून त्याने थांबची खूण केली होती. हात वर करून मगच वाकला, असं सगळ्यांनी सांगितलं. प्लेट थांबली नाही. थांबली, पण उशिरा.

उल्हासनगरला त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. हे तर दिवसभर तिथेच असायचे, वॉर्डाबाहेर जिन्यात बसून. आत जायचे नाहीत. मी आत गेले तेव्हा कारखान्याचे दोन साहेब कागद घेऊन पलंगापाशी बसले होते. महेंद्रचा चेहरा पांढरा पडलेला, ओठ सुकलेले.

"चूक माझी आहे साहेब," तो त्यांना सांगत होता. "मी घाई केली. प्लेट थांबली की नाही ते न बघताच आत गेलो. दादाची काय चूक? त्यांची टेस्ट झालेली आहे, डॉक्टरची सही आहे. लिहा तसं."

एका साहेबाने मान डोलावली. म्हणाला, हो, सर्टिफिकेट आहे फायलीत, सगळे रकाने उत्तम. मग त्याने तसं लिहून घेतलं. महेंद्रने मला बघितलं आणि म्हणाला, "या वहिनी." मी डबा कपाटावर ठेवला. झाकण वाजलं. तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं होतं. पोरांना एका आकड्यासाठी पंधरा मिनिटं बोलणारी मी, तशीच बाहेर आले.

बाहेर पॅसेजमध्ये काशी भिंतीला टेकून खाली बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. वाटलं होतं, ही मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "वहिनी, दादांना घरी न्या. तीन दिवस जेवले नाय ते. आमच्या यांनी सांगितलंय, दादाला सांभाला."

"काशी, महेंद्र खोटं का बोलतोय?" मी विचारलं. "हात वर केले होते ना त्याने?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाला दादांनी काय सांगितलं नाय?"

"काय सांगितलं नाही?"

"पयल्याच दिवशी दादा खाली उतरले आन यांना बोलले, महेंद्र, माझा हात थांबत नाय रे. तवापासून दोघं सकाली लवकर जायचे. शेडमध्ये कोण नसताना. रिकामा हूक घेऊन दादा वर, हे खाली. हे कवापण थांब करायचे, दादा थांबायचे, वरून ओरडून सांगायचे आता काय करनार ते. मग पुढचं. असं रोज. हे घरी येऊन बोलायचे, आज दादा चांगले थांबले, आज नाय थांबले." काशीने नाक ओढलं. "दादाला लांबून चटकन दिसत नसंल म्हनून हे लोडच्या जवल उभे राहायला लागले. मी बोलले, वहिनींना सांगा ना, त्या काय तरी करतील. तर हे बोलले, दादा नको बोलतात."

मला पुढचं काही ऐकू येईना. थांब म्हणायचं, हात थांबवायचा, पुढचं तोंडाने बोलायचं आणि मग करायचं. त्या हळू बोलणाऱ्या मुलीने मला जे सांगितलं होतं तेच. मी चार दिवसांत फेकून दिलं होतं, आणि हे दोघं पहाटे चोरून तेच करत होते. सहा महिन्यांचं काम होतं ते. माझ्या चटईवर पाठांतरात डिसेंबरपासूनचे चार महिने गेले, आणि त्यांच्या वाट्याला एकोणीस दिवस आले. ते पण एकाने खाली लोखंडाजवळ उभं राहून.

मी यांना हाताला धरून घरी आणलं. संध्याकाळ झाली होती, क्लासची पोरं दारातून परत पाठवली. हे चटईवर बसले, भिंतीला टेकून. मी समोर बसले.

"मला का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "सांगत होतो की. स्टोअरला बसतो म्हणालो होतो. महेंद्र त्या चालीवर खुणा करत नाही म्हणालो होतो. सत्यनारायणाला तर तू स्वतः बघितलंस."

"सही झाल्यावर तरी सांगायचंत. पहिल्या दिवशी, खाली उतरल्यावर. त्याला सांगितलंत, मला नाही."

"तू शर्टांना इस्त्री करत होतीस," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "लग्नानंतर इतकी खूश तुला बघितली नव्हती मी. म्हटलं, दोन-तीन महिन्यांत येईल हात ताब्यात. तोवर कशाला मोडायचं तिचं मन."

मी रडले. मी रडणारी बाई नाही, आई गेली तेव्हाही बारावा होईपर्यंत रडले नव्हते. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी यांना वर चढवतेय यांच्यासाठी. त्यांना ती केबिन नकोच होती. ते चढत होते, कारण मला त्या शंभर माणसांत उभं राहून, मान वर करून त्यांना बघायचं होतं. आणि पाय गेला महेंद्रचा, ज्याने यातलं कोणाकडेच काही मागितलं नव्हतं.

"मी उद्या साहेबांकडे जाणार आहे," हे म्हणाले. "महेंद्रने लिहून दिलं ते खोटं आहे म्हणून सांगणार. कागद पाठ केले होते तेही सांगणार."

"माझं नाव सांगा," मी म्हटलं. "मी शिकवलं म्हणून सांगा. त्या पोरीलाही मीच जाऊन सांगते, खोटं बोलले म्हणून. नाहीतर तिच्यावर येईल सगळं."

"तिला सांग. ते बरोबर आहे. पण साहेबांना तुझं नाव कशाला? हात माझा होता."

बाहेर शेजारची मुलं खेळत होती, त्यांच्यातलं कुणीतरी मोठ्याने आकडे म्हणत होतं. हे खाली वाकले, चटईच्या कडेला पडलेला पोरांचा एक पेन उचलून खिडकीत ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"ते पुन्हा टेस्टला पाठवतील मला. नव्याने घेतील. मी जाणार आहे." पुढे म्हणाले, "सुनंदा, या वेळी मला काही शिकवू नकोस."

"नाही शिकवणार," मी म्हटलं.